सोळाव्या आठवड्यात शून्य मुलाखती: एका लघुप्रबंधाचं प्रकरण

सोळाव्या आठवड्याच्या शुक्रवारी ती माझ्या टेबलासमोर बसली तेव्हा तिच्याकडे १४० शोधनिबंध होते, रंगीत वेळापत्रकाच्या चार आवृत्त्या होत्या आणि मुलाखत एकही नव्हती. प्रबंध जमा करायला दहा आठवडे उरले होते. “मॅडम, मी एक दिवसही वाया घालवलेला नाही,” हे तिचं पहिलं वाक्य. ते खरं होतं, आणि म्हणूनच हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं. टाळाटाळ करणाऱ्याचा प्रबंध का रखडतो हे कुणाला सांगावं लागत नाही. रोज काम करणाऱ्या मुलीचा का रखडला, ते बघण्यासारखं आहे.

मी तिची मार्गदर्शक. या रखडण्यात माझाही वाटा आहे, तो पुढे येईलच. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. आकडे आणि घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे.

विषय आणि पहिला आराखडा

पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं शेवटचं सत्र, हातात २६ आठवडे. तिने निवडलेला विषय रुग्णालयातला पाळीबदल: एक पाळी संपवणारी परिचारिका येणाऱ्या परिचारिकेकडे रुग्णांची माहिती सोपवते, ज्याला सगळे हँडओव्हर म्हणतात. तिने एका रुग्णालयाच्या कार्यालयात काम केलं होतं, त्यामुळे हा दहा-पंधरा मिनिटांचा व्यवहार किती नाजूक असतो हे तिला माहीत होतं. विषयावर वाचायलाही भरपूर होतं. परिस्थिती, पूर्वपीठिका, अंदाज, शिफारस अशा चार टप्प्यांत माहिती सांगायची एसबीएआर ही चौकट अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून आरोग्यसेवेत आली, तिच्यावरच कितीतरी अभ्यास झाले आहेत.

नोंदणीच्या फॉर्मवर तिने शीर्षक लिहिलं होतं: ‘रुग्णालयांतील परिचारिकांमधील पाळीबदल-संवादाची परिणामकारकता आणि तिचा रुग्णसुरक्षेवर होणारा परिणाम’. पद्धत म्हणून दोन रुग्णालयांत ३० मुलाखती आणि २० हँडओव्हरचं प्रत्यक्ष निरीक्षण, तेही रेकॉर्डिंगसह. मी सही केली. आज ते शीर्षक वाचताना माझेच कान लाल होतात. ‘परिणाम’ हा शब्द कार्यकारणभाव मागतो. त्यासाठी चुकांची नोंद, तुलना, मोजमाप लागतं. तीस जणींशी बोलून परिचारिकांना काय वाटतं ते कळेल, रुग्णसुरक्षेवर काय परिणाम झाला ते कसं कळणार? शीर्षक वजनदार वाटलं म्हणून दोघींनीही ते तपासलं नाही.

वेळापत्रक मात्र देखणं होतं. स्प्रेडशीटमध्ये सात रंगांच्या पट्ट्या. पहिले पाच आठवडे पूर्वसंशोधनाचा आढावा, मग दोन आठवडे मुलाखतीचे प्रश्न, आठ ते तेरा माहिती गोळा करणं, चौदा ते अठरा विश्लेषण, एकोणीस ते पंचवीस लेखन आणि शेवटच्या आठवड्यात छपाई आणि जमा करणं. एक पट्टी जिथे संपते तिथेच दुसरी सुरू, मध्ये एका दिवसाचीही फट नाही. परवानग्यांसाठी वेगळी पट्टी नव्हतीच. सातव्या आठवड्याच्या चौकोनात बारीक अक्षरांत ‘एथिक्स अर्ज’ एवढंच लिहिलेलं.

हे वेळापत्रक प्रबंधाच्या अनुक्रमणिकेवरून बेतलेलं होतं. पहिलं प्रकरण आधी, दुसरं नंतर, तिसरं त्याच्यानंतर. वाचणाऱ्याच्या हातात प्रबंध ज्या क्रमाने जातो, त्या क्रमाने तो घडत नाही, ही साधी गोष्ट त्या सात रंगांखाली झाकली गेली. हेन्री गँटने अशा पट्ट्यांचे तक्ते गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कारखान्यांसाठी रूढ केले. कारखान्यात यंत्र आपलं असतं, मजूर आपल्या हजेरीपटावर असतो. विद्यार्थ्याच्या तक्त्यात निम्मी यंत्रं दुसऱ्यांच्या ताब्यात असतात.

नऊ आठवडे कुठे गेले

सातव्या आठवड्याच्या शेवटी तिने नीतिमत्ता समितीकडे, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्या माणसांचं हित जपलं जातंय ना हे तपासणाऱ्या एथिक्स कमिटीकडे, अर्ज दिला. समितीची बैठक महिन्यातून एकदा, आणि कागद बैठकीच्या दहा दिवस आधी द्यावे लागतात. तिचे कागद त्या मुदतीनंतर दोन दिवसांनी पोचले. आठव्या आठवड्याची बैठक हुकली, पुढची बाराव्यात. दोन दिवस उशिराची किंमत चार आठवडे. ही मुदत समितीच्या दारावर लावलेली होती. तिने विचारली नाही, मीही सांगितली नाही.

बाराव्या आठवड्यात समितीने दोन शंका काढल्या. पहिली सोपी होती: माहितीपत्रकात रेकॉर्डिंग कुठे ठेवणार आणि कधी पुसणार हे लिहिलेलं नाही. दुसरी ऐकून मी जरा वेळ गप्प बसले. हँडओव्हर रेकॉर्ड करायचं तर त्यात रुग्णांची नावं, आजार, खाटेचे क्रमांक सगळं येणार. परिचारिकेने संमतिपत्रावर सही केली, पण ज्या रुग्णाबद्दल ती बोलते आहे त्याची संमती कुठे आहे? समिती म्हणजे अडवणूक असं कँपसवर सर्रास बोललं जातं. इथे समितीने जे पाहिलं ते आम्हा दोघींना सात आठवड्यांत दिसलं नव्हतं.

तिने चार दिवसांत उत्तर दिलं, हँडओव्हरचं रेकॉर्डिंग काढून टाकून फक्त निरीक्षण ठेवलं. मंजुरीचं पत्र चौदाव्या आठवड्याच्या शेवटी आलं. दोन्ही रुग्णालयांनी आधीच सांगितलं होतं की समितीचं पत्र असल्याशिवाय अर्ज बघणार नाही. म्हणजे ते दोन अर्ज पंधराव्या आठवड्यात गेले. एका रुग्णालयाचा होकार सोळाव्या आठवड्याच्या त्या शुक्रवारी सकाळी आला. दुसऱ्याकडून काहीच नाही.

या सगळ्या काळात ती काय करत होती? वाचत होती. काम मिळालेल्या वेळाएवढं फुगतं, ही सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’मधल्या लेखात गंमतीने मांडलेली गोष्ट इथे अक्षरशः घडली. पाच आठवड्यांचा आढावा सोळा आठवडे चालला. लॅपटॉपवर ‘वाचायचे’, ‘वाचायचे नक्की’ आणि ‘वाचायचे नवीन’ असे तीन फोल्डर होते. त्यांतल्या निम्म्या फायलींची नावं उतरवून घेताना पडली तशीच, नुसते आकडे. पेनाने रंगवलेल्या प्रिंटांचा गठ्ठा वेगळा. लिहिलेलं मात्र दुसऱ्या प्रकरणाची अकरा पानं, तीही दहाव्या आठवड्यात लिहून मला पाठवलेली.

त्या अकरा पानांची गोष्ट माझी. मेल आला, मी ‘बघते’ असं उत्तर दिलं आणि ती पानं एकोणीस दिवस उघडली नाहीत. परीक्षेचे पेपर होते, इतर विद्यार्थी होते, कारणं नेहमीची. तिने त्या शांततेचा अर्थ लावला की लिखाण इतकं वाईट आहे की मॅडमना काय बोलावं ते सुचत नाही. म्हणून तिने लिहिणं थांबवलं आणि आणखी वाचायला घेतलं. हे तिने मला खूप नंतर सांगितलं, हसत हसत, पण तेव्हा ती हसत नसणार.

अंदाज का चुकतो

माणूस आपल्या कामाला लागणारा वेळ कमी धरतो, या प्रवृत्तीला डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. पुढे १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी ते तपासलं, आणि योगायोग असा की त्यांच्या एका पाहणीतले विद्यार्थी प्रबंधच लिहीत होते. मानसशास्त्राच्या ३७ विद्यार्थ्यांनी सांगितलेला अंदाज सरासरी ३४ दिवसांचा होता. सगळं जितकं बिघडू शकतं तितकं बिघडलं तर किती दिवस लागतील, यावर त्यांचं उत्तर सरासरी ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ दिवस. वाईटात वाईट धरूनही अंदाज कमीच पडला. स्वतः सांगितलेल्या दिवसांत प्रबंध पुरा करणारे जेमतेम तीस टक्के.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे: आपल्या कामाकडे आतून न बघता, तसंच काम आधी केलेल्यांना किती वेळ लागला ते विचारायचं. त्या शुक्रवारी मी तिला तिच्या आधीच्या तुकडीतल्या तिघांना फोन करायला लावले. प्रश्न एकच, समितीकडे अर्ज दिल्यापासून पहिली मुलाखत होईपर्यंत किती आठवडे गेले? उत्तरं आली सहा, सात आणि अकरा. तीन फोनना मिळून अर्धा तासही लागला नाही. हेच फोन पहिल्या आठवड्यात झाले असते तर? ती फोन ठेवून माझ्याकडे बघत होती, मी खिडकीकडे.

प्रकल्पांच्या नियोजनात ‘क्रिटिकल पाथ’ ही कल्पना १९५० च्या दशकाच्या शेवटी आली: एकावर एक अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब साखळी शोधा, कारण पूर्ण प्रकल्पाचा काळ तीच ठरवते. तिच्या प्रबंधातली ती साखळी अशी होती: प्रश्न पक्का होणं, मुलाखतीचे मुद्दे, समिती, रुग्णालय, परिचारिकांची ड्यूटी, मुलाखती. पूर्वसंशोधनाचा आढावा या साखळीत नव्हताच. समितीला अर्ज द्यायला १४० निबंध लागत नाहीत. प्रश्न का विचारतोय हे दोन पानांत सांगता येण्याइतकं वाचन पुरतं. अर्ज दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गेला असता आणि उत्तराची वाट बघता बघता आढावा झाला असता. तिच्या तक्त्यात सर्वांत मोकळं काम सर्वांत आधी होतं आणि सर्वांत अडकणारं काम त्याच्यामागे रांगेत उभं होतं.

शुक्रवारची बैठक

पर्याय तीन होते. मुदतवाढ मागणं हा पहिला, आणि ती तोच मागायला आली होती. मी नकार दिला नाही, पण वाढीव वेळात काय वेगळं होणार ते विचारलं. दुसऱ्या रुग्णालयाची वाट. तेवढंच. वाढवलेली मुदत वाट बघण्यातच जाणार असेल तर ती मागून उपयोग नाही. शिवाय तिची पूर्णवेळ नोकरी ठरलेली होती. ती सुरू झाल्यावर प्रबंध रात्री अकरानंतरचं काम होतो आणि तिथून परत येणारे मी थोडेच पाहिले आहेत.

दुसरा पर्याय: प्रत्यक्ष माहिती गोळा करणं सोडून छापील साहित्यावरच प्रबंध लिहायचा. मोह पडण्यासारखा, कारण वाचन झालेलं होतं. पण शिस्तीत केलेला साहित्य आढावा ही स्वतंत्र पद्धत आहे. त्यात शोध कुठे, कोणत्या शब्दांनी घेतला, काय घेतलं आणि काय का वगळलं याची नोंद पहिल्या दिवसापासून लागते. तिने सापडेल तसं वाचलं होतं. त्या गठ्ठ्याला आता मागाहून पद्धतीचं नाव देणं म्हणजे खोटेपणा झाला असता.

उरला तिसरा पर्याय, आवाका कापणं. यासाठी आम्ही कागद-पेन्सिल घेतली. आठवड्याला ती २५ तास देऊ शकत होती, कारण उरलेला वेळ अर्धवेळ कामात जायचा. दहा आठवड्यांचे झाले २५० तास. मुलाखतीचं एक तासाचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायला साधारण चार ते सहा तास लागतात. पाऊण तासाच्या ३० मुलाखती म्हणजे साडेबावीस तासांचं रेकॉर्डिंग, आणि ते उतरवायला ९० ते १३५ तास. विश्लेषण नाही, लेखन नाही, नुसतं ऐकणं आणि टाइप करणं यातच निम्मा वेळ संपणार. पेन्सिल खाली ठेवून ती म्हणाली, “म्हणजे वेळेत परवानगी मिळाली असती तरी हे जमलं नसतं.” जमलं नसतंच. २६ आठवड्यांचे तिचे एकूण तास ६५०. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत एका क्रेडिटला २५ ते ३० तास धरतात, म्हणजे ३० क्रेडिटचा प्रबंध ७५० ते ९०० तासांचा. ती मुळातच कमी तासांत जास्त काम बसवायला निघाली होती आणि परवानगीच्या उशिरामागे ते लपून राहिलं होतं.

मग किती मुलाखती पुरतील? इथे विद्यार्थी हमखास ‘दहा-बारा चालतात ना मॅडम’ असं विचारतात, भाजी निवडल्यासारखं. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा २००६ चा एक अभ्यास यासाठी सतत पुढे केला जातो. त्यांनी ६० मुलाखतींचं विश्लेषण टप्प्याटप्प्याने केलं तेव्हा पहिल्या बारापर्यंतच जवळपास सगळे मुद्दे येऊन गेले होते. बारा हा आकडा तिथून सुटून सगळीकडे फिरतो. त्याच्या सोबतची अट मागे राहते: माणसं एकसारखी असली आणि प्रश्न अरुंद असला तरच. म्हणून आकड्याआधी प्रश्न कापायला हवा होता.

त्याला आम्हाला दीड तास लागला. दोन रुग्णालयांचं एक झालं. सगळ्या विभागांऐवजी फक्त मेडिसिनचे वॉर्ड. तीन पाळ्यांऐवजी फक्त रात्रीची पाळी संपून सकाळची सुरू होते तो पाळीबदल. निरीक्षण पूर्ण काढलं. परिणामकारकता गेली, रुग्णसुरक्षेवरचा परिणाम गेला. शेवटी कागदावर एक वाक्य उरलं: रात्रपाळी संपवताना परिचारिका काय सांगायचं आणि काय गाळायचं हे कसं ठरवतात? तिला ते फार लहान वाटलं. एका वाक्याचा प्रश्न प्रबंधाला शोभत नाही अशी समजूत असते. मी तिला एवढंच विचारलं की याचं उत्तर तुला आत्ता माहीत आहे का. नाही म्हणाली. झालं तर मग.

आवाका कमी केला तरी समितीला कळवावं लागतं, शीर्षकबदलाचा अर्ज विभागाकडे द्यावा लागतो. दोन्ही पत्रं त्याच संध्याकाळी गेली.

दोन रकाने

नवा आराखडा एका पानाचा झाला आणि त्यात रंग नव्हते. जमा करण्याच्या तारखेपासून मागे मागे येत तो लिहिला. सव्विसावा आठवडा पूर्ण रिकामा. पंचविसाव्यात दुरुस्त्या, साम्य तपासणी (मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना, ते बघणं), सह्या, छपाई. त्यासाठी तेविसाव्याच्या शेवटी पूर्ण मसुदा माझ्याकडे. त्यासाठी बाविसाव्यात निष्कर्षांचं प्रकरण. त्यासाठी मुलाखती विसाव्या आठवड्यापर्यंत, आठवड्याला तीन.

पानावर दोन रकाने केले, ‘माझ्या हातात’ आणि ‘दुसऱ्याच्या हातात’. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी: कोणाकडे, कधीपर्यंत, आणि त्या दिवसापर्यंत उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी काय करायचं. वॉर्डची इनचार्ज सिस्टर, रुग्णालयाचं कार्यालय, साम्य तपासणी करणारं ग्रंथालय, सही करणारे विभागप्रमुख. आणि मी. माझ्या नावापुढे तिने लिहिलं, ‘पाच कामाचे दिवस. सहाव्या दिवशी केबिनमध्ये जाऊन बसणे.’ मी ते मान्य केलं. बदल्यात मी दोन अटी घातल्या: एका वेळी वीस पानांपेक्षा जास्त पाठवायचं नाही, आणि वर लिहायचं की ही पानं मी कशासाठी वाचावीत, मांडणीसाठी, युक्तिवादासाठी की भाषेसाठी. ‘बघून सांगा’ असं लिहिलं की मी शुद्धलेखन तपासत बसते आणि युक्तिवाद तसाच राहतो, हा माझा जुना दोष आहे.

दर शुक्रवारी पाच ओळींचा मेल ठरला. काय झालं, काय अडलं, कोणाकडे अडलं, पुढच्या आठवड्यात काय, आणि एक प्रश्न. पाच ओळी वाचायला मला मिनिट लागायचं, म्हणून मी त्या वाचायचे.

मुलाखतींचे आठवडे

पहिल्या आठवड्यात ठरलेल्या तीनही मुलाखती झाल्या नाहीत. तिने वेळ मागितली होती सकाळी साडेआठची, रात्रपाळी संपल्या संपल्या. रात्रभर उभी असलेली बाई त्या वेळी संशोधनाला मदत करायला थांबेल हे फक्त विद्यापीठात बसलेल्यांनाच वाटू शकतं, आणि त्यात मीही होते. तोडगा इनचार्ज सिस्टरने काढला. तिने महिन्याची ड्यूटी-लिस्ट दाखवली आणि सांगितलं, पाळी सुरू होण्याआधी अर्धा-पाऊण तास लवकर येणाऱ्या काही जणी असतात, त्यांना तेव्हा गाठ. पुढच्या मुलाखती रात्री आठच्या सुमारास झाल्या, बहुतेक चेंजिंग रूमबाहेरच्या बाकावर.

चौथ्या मुलाखतीत फोनवर रेकॉर्डिंग चालू असताना कॉल आला. तिने तो कापला आणि बोलणं चालू ठेवलं. रेकॉर्डिंग मात्र तिथेच थांबलेलं होतं. पाहिलं तेव्हा एकतीस मिनिटं गेली होती. तिने केलेली पुढची गोष्ट मला फार आवडली. ती घरी गेली नाही. जिन्याच्या पायरीवर बसून वहीत आठवेल ते सगळं लिहून काढलं, साडेसहा पानं, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘आठवणीतून’ असं लिहिलं. प्रबंधात त्या पानांतलं एकही वाक्य अवतरणचिन्हांत आलेलं नाही. ते क्षेत्रटिपण म्हणूनच वापरलं आणि पद्धतीच्या प्रकरणात तसं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून फोन फ्लाइट मोडवर आणि शेजारी उसना घेतलेला छोटा रेकॉर्डर.

बॅकअपचा प्रश्न त्याच आठवड्यात आला. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, हा ३-२-१ नियम सगळे सांगतात. पण तिच्या माहितीपत्रकात, समितीच्या शंकेनंतर, रेकॉर्डिंग फक्त पासवर्ड असलेल्या लॅपटॉपवर आणि विभागाच्या ड्राइव्हवर राहील असं लिहिलेलं होतं. म्हणजे स्वतःच्या क्लाउड खात्यावर टाकणं वचनभंग झाला असता. याच कारणाने आपोआप मजकूर उतरवून देणारी ऑनलाइन सेवाही बाद झाली. शेवटी लॅपटॉपवर एक प्रत आणि विभागाच्या ड्राइव्हवर एक, अशा दोनच प्रती ठेवल्या. प्रबंधाचा मसुदा मात्र चार ठिकाणी होता, त्यात कुणाचं गुपित नव्हतं.

मुलाखती विसाव्याऐवजी एकविसाव्या आठवड्यात संपल्या आणि बाराऐवजी अकरा झाल्या. साडेसहा तासांच्या आतबाहेरचं रेकॉर्डिंग उतरवायला तिला चौतीस तास लागले. कंटाळा आला, पण मधूनच एके दिवशी शुक्रवारचा मेल पाचऐवजी सतरा ओळींचा आला. सहावी मुलाखत उतरवताना तिच्या लक्षात आलं होतं की ही बाई जे केसपेपरवर लिहिलेलं असतं ते तोंडी सांगतच नाही. ती सांगते ते लिहिता न येण्यासारखं: अमुक खाटेवरचा माणूस रात्री तीनदा उठून बसला, नातेवाईक भांडकुदळ आहेत, अमक्याचा चेहरा काल बरा नव्हता. तिने मागच्या पाच मुलाखती पुन्हा काढल्या तर त्यांतही हेच होतं, वेगळ्या शब्दांत. प्रबंधाचा कणा तिथे सापडला. ब्रॉन आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये मांडलेल्या थीमॅटिक अ‍ॅनालिसिसच्या, म्हणजे मजकुरातली समान सूत्रं शोधण्याच्या, सहा पायऱ्यांतली पहिलीच पायरी मजकुरात मुरणं ही आहे. ते टाइप करताना झालं होतं.

लेखन

लेखनाचं फार सांगण्यासारखं नाही, कारण त्यात फारसं नाट्य घडलं नाही. पद्धतीचं प्रकरण तिने मुलाखती चालू असतानाच लिहिलं. काय केलं, का केलं, काय फसलं हे ताजं होतं. १४० निबंधांसाठी एक तक्ता केला: कोणता प्रश्न, कोणावर अभ्यास, काय सापडलं आणि शेवटच्या रकान्यात ‘माझ्या प्रश्नाला याचा काय उपयोग’. शेवटचा रकाना रिकामा राहिला तो निबंध बाहेर. अडतीस उरले. बाकीचे काढताना तिचा जीव तुटत होता. प्रत्येकावर तिने दोन-तीन तास घातले होते, आणि घातलेले तास हे प्रबंधात ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही हे पटायला एक आठवडा गेला. संदर्भ हाताने टाइप केलेले होते, ते झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्यात दोन दिवस गेले. ते पहिल्या आठवड्यात दोन तासांचं काम होतं.

चर्चेचं प्रकरण पाच दिवसांत लिहिलं गेलं आणि ते तसंच दिसतं. सापडलेल्या गोष्टीचा एसबीएआरसारख्या ठरीव चौकटींशी काय संबंध, चौकटीत न बसणारी माहिती चौकट सक्तीची केल्यावर कुठे जाते, हा सगळ्यांत रसाळ भाग दोन पानांत उरकला आहे. त्याला आणखी दोन आठवडे हवे होते. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. एकच रुग्णालय का, हेही विचारलं. त्यावर तिने प्रश्नाची रुंदी आणि मुलाखतींची संख्या यांचा संबंध तीन वाक्यांत सांगितला. त्या शुक्रवारचा कागद तिने फाइलमध्ये ठेवला होता, पण तो काढावा लागला नाही.

माझे पाच दिवस मी दोनदा पाळले. तिसऱ्यांदा, पूर्ण मसुद्याच्या वेळी, सहावा दिवस उजाडला. ती सकाळी दहाला केबिनमध्ये येऊन बसली, काही न बोलता आपला लॅपटॉप उघडून काम करत राहिली. साडेबारापर्यंत मी शेवटचं पान वाचून संपवलं. सव्विसावा रिकामा आठवडा अर्थातच रिकामा राहिला नाही. तो उशिरा संपलेल्या मुलाखतींनी आणि विभागप्रमुखांच्या रजेने खाल्ला. प्रबंध मुदतीच्या दोन दिवस आधी जमा झाला.

दुसऱ्या रुग्णालयाचं परवानगीपत्र त्यानंतर तीन आठवड्यांनी आलं. सही-शिक्क्यासह, ३० मुलाखती आणि २० निरीक्षणांना मंजुरी. तिने ते मला पाठवलं आणि खाली विचारलं, “पुढच्या कुणाला उपयोगी पडेल का, मॅडम?” पत्र तिच्या नावाचं होतं, दुसऱ्या कुणाला चालणार नव्हतं. मी त्याचा प्रिंट काढला आणि अर्जाची तारीख व उत्तराची तारीख दोन्ही लाल पेनाने अधोरेखित करून टेबलामागच्या बोर्डावर लावला.